योम किप्पूरचा उपास: चहा आधीच सोडावा की शेवटपर्यंत प्यावा?

योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. पंचवीस तास पाण्याचा थेंबही नाही म्हटलं, की सगळे भुकेची काळजी करतात. भूक सकाळी मरून जाते. छळतं ते डोकं. तहान आणि झोपमोड यांचाही त्यात वाटा असतो, पण दिवसाला तीन-चार चहा लागणाऱ्या माणसाला मुख्य त्रास कॅफिन तुटल्याचा होतो. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या ज्यूंच्या, घरांत चहा किती चालतो, हे काय सांगायला हवं?

पहिला मार्ग हळूहळू सोडण्याचा. रोश हशाना (ज्यू नववर्ष) ते योम किप्पूर, म्हणजे ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याचे पहिले दहा दिवस, यासाठी सोयीचे पडतात. आधी संध्याकाळचा कप बंद, मग दुपारचा; सकाळचा अर्धा करत शेवटी तोही बंद. उपासाच्या दिवशी डोकं शांत राहतं. तोटा एकच: ज्या दिवसांत लोकांची माफी मागत फिरायचं, त्याच दिवसांत माणूस चिडचिडा होतो.

दुसरा मार्ग, सूर्यास्ताआधीच्या जेवणासोबत कडक चहा. कॅफिन तुटल्याची डोकेदुखी साधारण 12 ते 24 तासांनी सुरू होते. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेला कप फार तर दुसऱ्या दिवशीची सकाळ निभावून नेतो. दुपारी, ऐन प्रार्थनेत, कपाळ ठणकू शकतं. शिवाय रात्रीची झोप जाते. सर्वांत वाईट म्हणजे आदल्या दिवशी एकदम चहा तोडणं. मग दुखणं बरोबर उपासातच गाठतं.

इस्रायलमध्ये तिसरी सोय आहे: औषधाच्या दुकानात मिळणारी कॅफिनची गुदवर्ती, म्हणजे गुदद्वारातून घ्यायची गोळी. तोंडावाटे काही जात नाही, म्हणून बरेच रब्बी (ज्यू धर्मगुरू) परवानगी देतात. तरी आपल्या रब्बींना विचारलेलं बरं.

माझं मत: दिवसाला एकच कप असेल तर शेवटचा चहा खुशाल घ्या. तीन-चार असतील तर हळूहळू सोडा. आठवडाही उरला नसेल, तर कपांची संख्या तीच ठेवून प्रत्येक कप अर्धा करा.

शेवटच्या जेवणात बिर्याणी की साधा भात-वरण? भात-वरण, सोबत बटाटा आणि कमी मिठाची कोंबडी. पिष्टमय अन्नाची शरीरात साठवण होते तेव्हा पाणीही धरून ठेवलं जातं. लोणचं-पापड मात्र तहान वाढवतात. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्या. ऐन वेळी ढोसलेला तांब्या तासा-दोन तासांत बाहेर पडतो.

तिशा बआवला, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिरांच्या विध्वंसाचा शोक पाळायच्या उपासाला, गणित वेगळं. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी खाणं हे धर्मकृत्यच. तिशा बआवचं शेवटचं जेवण मात्र शोकाचं, जमिनीवर बसून, राखेत बुडवलेल्या अंड्यासह. म्हणून पोटभर जेवण दुपारीच उरकायचं.

मधुमेह, गरोदरपण किंवा रोजची औषधं असतील, तर डॉक्टर आणि रब्बी दोघांशी आधीच बोला. जिवाला धोका असेल तर योम किप्पूरलाही खाण्यापिण्याची मुभा आहे. कधी कधी घोटापेक्षा कमी पाणी, काही मिनिटांच्या अंतराने, असंही ठरवून दिलं जातं.