वेव्हरसाठीचा मानसिक मूल्यमापन अहवाल : काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत मुदतीबाहेर राहून परत आलेल्या माणसाला पुन्हा जाताना आडकाठी होते. 180 दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत राहिला असेल तर 3 वर्षं, वर्ष किंवा त्याहून जास्त असेल तर 10. मुंबईच्या कौन्सुलेटमध्ये मुलाखत होऊन हीच अडचण निघाली, की आय-601 चा माफी अर्ज (वेव्हर) करावा लागतो. त्याला जोडायचा मानसशास्त्रज्ञाचा अहवाल देणारी व्हिडिओ-सेवा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रकरणांत काही महिने वापरली. पाचपैकी साडेतीन.

सगळ्यांचा पहिला घोळ एकच. तपासणी इथे अडकलेल्या नवऱ्याची नसते, तर तिकडे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असलेल्या बायकोची, किंवा तशा आई-वडिलांची. आत्यंतिक हाल त्यांचे होतात हे दाखवायचं असतं. मुलं या माफीत थेट मोजली जात नाहीत. मुलांच्या हालामुळे आईवर काय ताण येतो, एवढंच धरलं जातं. खानापुरात बसलेल्या नवऱ्याशी मानसशास्त्रज्ञ फक्त माहितीसाठी बोलतो, कारण त्याचा परवाना तिकडच्या राज्यापुरता असतो.

मुलाखती दोन बैठकींत झाल्या तर बऱ्या. एका तासात उरकणारे टाळा. सोबत प्रश्नावल्या असतात : उदासीसाठी पीएचक्यू-9 (27 पैकी गुण, मागचे दोन आठवडे), चिंतेसाठी जीएडी-7 (21 पैकी). दोन्ही स्वतः भरायच्या, म्हणून नुसत्या गुणांना वजन कमी. उदासीचे गुण 22 आणि बाई रोज कामावर जाते, स्वयंपाक करते, गाडी चालवते, असं असेल तर अहवालात त्याचा खुलासा हवा. तो नसेल तर अर्ज तपासणारा अधिकारी तिथेच बोट ठेवतो. दुभाषा म्हणून नणंद किंवा दीर बसवू नका. त्यांच्यासमोर माणूस अर्धं गिळतो, आणि उरलेलं ते स्वतः गाळतात. वेळेचंही बघा. न्यूयॉर्ककडे आपण उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास पुढे. म्हणजे बैठक आपल्या संध्याकाळीच पडते, आणि नेमकी तेव्हाच हेस्कॉमची (इकडची वीज कंपनी) लाईट जाते. मोबाईल डेटा तयार ठेवा.

दीड गुण कापला तो बेळगावच्या बाजूसाठी. चांगल्या अहवालात दोन प्रसंग हवेत : वेगळं राहिल्यास काय होईल, आणि बायको इकडे राहायला आल्यास काय होईल. पहिला छान लिहितात. दुसऱ्यात मात्र भारताबद्दल सरधोपट वाक्यं. ‘औषध मिळणार नाही’ हे तर लिहूच देऊ नका, सर्ट्रालिन हे उदासीवरचं औषध बेळगावातल्या मेडिकलमध्ये सहज मिळतं आणि अधिकाऱ्याला ते शोधता येतं. खरी अडचण वेगळी आहे. परवाना राज्यापुरता असल्यामुळे तिकडच्या थेरपिस्टचे उपचार सहसा तुटतात. खेड्यात राहायचं तर नियमित समुपदेशनासाठी शहर गाठावं लागतं, मोठी सरकारी मनोरुग्ण संस्था धारवाडला, बेळगावपासून सुमारे 80 किलोमीटर. सरकारी काउंटरवर कन्नड लागतं, आणि मराठी-इंग्रजीत वाढलेल्या बाईला ते येत नाही. ही माहिती गावाच्या नावासकट आपणच लिहून द्यावी लागते. ‘हाल आत्यंतिक आहेत’ असा निकाल मात्र मानसशास्त्रज्ञाने देऊ नये. तो अधिकाऱ्याचा अधिकार आहे, आणि तसं वाक्य आलं की अहवाल वकिली वाटतो.

जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या जपा, एका भेटीच्या अहवालापेक्षा त्यांचा आधार मोठा. कागद कन्नड असो वा मराठी, पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर अचूक व पूर्ण आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहिलं की झालं. कोर्टाबाहेर बसणाऱ्या नोटरीला पैसे घालायची गरज नाही. वडिलांचं नाव, आडनाव, गावाचं ‘बेळगाव’ की 2014 नंतरचं ‘बेळगावी’, या सगळ्याचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून बघा.

मसुदा मागवून वाचल्याशिवाय सही घेऊ नका. एका मसुद्यात दुसऱ्याच कुणाची मुलगी शिल्लक राहिली होती, जुन्या फाईलवरून चिकटवलेली. आणि पैसे भरण्याआधी विचारा : जादा पुरावे मागणारी नोटीस आली तर पुरवणी अहवाल त्याच फीमध्ये मिळेल का? आय-601 ला उत्तराची मुदत साधारण 84 दिवस असते, आणि तेवढ्यात नवी वेळ मिळेलच असं नाही.