इंडिकेटरची सैल दांडी: जुन्या स्विचला बुश की नवा स्विच?

जुन्या फियाटची इंडिकेटरची दांडी हलू लागली, तर दांडीबरोबर अख्खा स्विचच स्टिअरिंगच्या नळीवर फिरतो आहे का, हे आधी पाहावे. तसे असेल तर स्विच नळीला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा स्क्रू आवळला की काम भागते. स्विच जागेवर घट्ट असून दांडीच लुळी पडली असेल, तर दांडी ज्यावर फिरते त्या मधल्या रिव्हेटचे भोक झिजलेले असते किंवा दांडी जागेवर अडकवणाऱ्या खटक्याच्या छऱ्यामागची स्प्रिंग दबून ढिली झालेली असते. अशा वेळी दुरुस्ती करावी की नवा स्विच बसवावा, हा प्रश्न उरतो. माझ्या १९७१ सालच्या फियाट अकराशेवर मी दोन्ही करून पाहिले आहे.

नवा स्विच बसवायला सोपा आहे, हे मान्य केले पाहिजे. वायरींचे रंग जुळले नाहीत तरी एका दुपारचेच काम असते आणि खटकाही सुरुवातीला करकरीत वाजतो. मला मिळालेल्या स्विचची अडचण निराळीच होती. वळण संपल्यावर दांडी परत आणणारी त्याची जीभ आणि माझ्या स्टिअरिंगची खुंटी यांचा मेळच बसेना. सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उजवीकडे वळण्यासाठी थांबून गाडी इंचाइंचाने पुढे घेताना चाक जरा सरळ केले, की दांडी मधोमध येई आणि वळायच्या आधीच दिवा विझे. मग मागचा रिक्षावाला मी सरळ जाणार असे समजून उजवीकडून पुढे घुसे, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नसे. एकाच चौकात तीन-तीनदा दांडी ओढावी लागे. शेवटी मी खिडकीतून हात काढू लागलो. जीभ कानशीने घासून पाहिली, तर दांडी परत येणेच थांबले.

दुरुस्तीला वेळ जातो. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या एका लेथवाल्याकडे, एवढ्याशा कामासाठी त्याची कुरकूर ऐकत, मला दोन खेपा घालाव्या लागल्या. जुना रिव्हेट ड्रिलने काढून, भोक किंचित मोठे करून त्यात पितळी बुश, म्हणजे झिजलेली जागा भरून काढणारी बारीक नळी, बसवला. स्प्रिंग ताणून पुन्हा वापरण्यापेक्षा नवी घातलेली बरी. बॅटरीची वायर आधी काढावी आणि स्विच जाड चादर अंथरूनच उघडावा, कारण छर्रा उडाला तर तो पुन्हा सापडत नाही. ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढेच लावावे. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतले जादा ग्रीस पातळ होऊन कॉन्टॅक्टवर उतरते.

स्विचचे अंगच तडकले असेल किंवा कॉन्टॅक्ट जळाले असतील, तर नव्याला पर्याय नाही, आणि कदाचित दुसऱ्याला माझ्यापेक्षा चांगला नगही मिळेल. दुरुस्त केलेली माझी दांडी डावीकडच्या उथळ वळणानंतर अजूनही कधीकधी बोटाने परत आणावी लागते, पण चौकात दिलेला सिग्नल वळेपर्यंत टिकतो. नवा स्विच अडीअडचणीसाठी डिकीत ठेवला आहे; गेल्या दीड वर्षात तो काढावा लागलेला नाही.