फुले जयवंत नेपियर आणि लसूणघास : १० महिने चारल्यावरचा अनुभव

वाळवा तालुका, कृष्णाकाठची काळी जमीन, गोठ्यात ३ एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई. आमच्याकडं कारखाना सुरू झाला की वैरण म्हणजे उसाचं वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला), मार्चपर्यंत गव्हाणीत दुसरं काय नसायचं. वाढ्यात ऑक्झलेट असतंय, ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतंय अन् जनावराच्या अंगाला लागू देत नाय, हे मागच्या वर्षी डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा ठरवलं की १० गुंठं ऊस मोडून वैरण करायची. घरात वाद झाला, पण केली.

जूनमध्ये फुले जयवंत लावलं, नेपियर गवताचा राहुरी विद्यापीठाचा वाण, २ डोळ्याच्या कांड्या ३ बाय २ फुटावर. पहिली कापणी ७० दिवसांनी, चांगली मिळाली. दुसऱ्या वेळी मात्र उसाच्या कामात राहून गेलं आणि ८५-९० दिवस झाले, डोक्याच्या वर गेलेलं रान बघून वाटलं वैरणच वैरण झाली, पण दांडं निबर, कुट्टी करून टाकली तरी गाई पानं वेचून खायच्या आणि निम्मं गव्हाणीत राहायचं, आठवड्यात दूध दीड-दोन लिटरनं उतरलं. तेव्हापासनं रानाचे तुकडे पाडलेत, रोज लागेल तेवढीच पट्टी कापतो, ५०-५५ दिवसांच्या वर एकही पट्टी जाऊ देत नाय. बुडाला ४-५ इंच ठेवूनच कापायचं, मग फुटवे जोरात येतात, मागनं शेणस्लरी अन् पाणी. कुठला वाण घेऊ म्हणून लोक विचारतात, मी म्हणतो आधी कापणीचे दिवस मोजा.

थंडीत मात्र वाढ थांबल्यागत होते. एका गाईला दिवसाला २०-२५ किलो ओली वैरण धरली तर १० गुंठ्यात २ गाई निघतात, तिसरीला डिसेंबर-जानेवारीत कडबा विकत घ्यावा लागला.

नुसत्या नेपियरवर दूध टिकत नाय, त्यात प्रोटीन ८-१० टक्केच. म्हणून दिवाळीनंतर ४ गुंठं लसूणघास केला, वाण आरएल ८८. पहिली कापणी ५० दिवसांनी, नंतर २५ दिवसांनी येतोय, प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास. गाईमागं ३-४ किलो देतो आणि पेंड किलोभर कमी केली तरी दूध आहे तेवढंच आहे, डेअरीत फॅट पण उतरली नाय.

एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. एका सकाळी दव पडलेला घास तसाच उपाशीपोटी टाकला, तासाभरात गाईची डावी कूस ढोलासारखी फुगली, डॉक्टर वेळेत आले म्हणून वाचली. आता घास आदल्या दिवशी कापून सुकवतो आणि आधी कडब्याची कुट्टी, मग घास. अजून एक, बियातनं अमरवेल (घासावर जगणारी परजीवी वेल) आली होती, पिवळे दोरे दिसले की घासासकट उपटून जाळायचं, बी धरायच्या आधी.

या जूनला नेपियर अजून ५ गुंठं वाढवतोय. जवळपास कुणाला कांड्या पाहिजे असतील तर सांगा, पैसे नकोत, तोडून घेऊन जा.