पक्षाचा रकाना भरायचा की कोरा ठेवायचा?

अमेरिकन नागरिकत्वाची शपथ झाली, छोटा झेंडा हातात घेऊन फोटो काढून झाले, की मतदार नोंदणीचा फॉर्म समोर येतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन्सचा नंबर, इथपर्यंत पेन सरसर चालतं. मग येतो पक्षाचा रकाना. डेमोक्रॅट? रिपब्लिकन? की कुठलाच नाही? भारतात मतदार यादीसाठी असं काही विचारायचं ठरलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कोर्टात याचिका पडली असती. इथे सुमारे ३० राज्यांत ही नोंद सरकारच ठेवतं. मत कुणाला दिलं ते गुप्त राहतं. पण तुमची नोंद कुठल्या पक्षात आहे आणि कुठल्या निवडणुकीत तुम्ही मतदान केलं, हे प्रचारवाल्यांना यादीत दिसतं. टपालपेटीत कुणाची पत्रकं येऊन पडणार, ते बरंचसं त्यावर ठरतं.

मित्रमंडळींना विचारलं तर सल्ला विचारसरणीचा मिळतो. टॅक्स आवडत नाही ना, मग रिपब्लिकन. मुलीच्या हक्कांची काळजी आहे ना, मग डेमोक्रॅट. माझं मत असं की हा रकाना आधी पत्ता बघून भरावा आणि विचारसरणी नोव्हेंबरच्या मतासाठी राखून ठेवावी. कारण नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत नोंद कुठलीही असली तरी मत कुणालाही देता येतं. नोंदीचा उपयोग होतो तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या निवडणुकीत.

निष्ठेचं म्हणाल तर ती इथे कुणी तपासत नाही. वर्गणी नाही, पावती नाही. रोनाल्ड रीगन १९६२ पर्यंत डेमोक्रॅट होते. डोनाल्ड ट्रम्प २००१ ते २००९ या काळात न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले होते. न्यू जर्सीचे खासदार जेफ व्हॅन ड्रू २०१८ मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आले, ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाला विरोध करून वर्षभरातच रिपब्लिकन झाले आणि २०२० मध्ये त्याच मतदारसंघातून पुन्हा जिंकले. पक्षांतरबंदी कायदा नसल्यामुळे व्हिप, अपात्रतेची सुनावणी, गुवाहाटीचं हॉटेल, काहीच लागलं नाही.

मतदारांच्या बाबतीत कागद आणि मत यांच्यात कधीकधी दशकांचं अंतर पडतं. केंटकी राज्याच्या पूर्वेला एलियट नावाची छोटी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. १८६९ मध्ये ती स्थापन झाली तेव्हापासून २०१२ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तिथे डेमोक्रॅट उमेदवारालाच आघाडी मिळाली. २०१६ मध्ये ट्रम्प तिथे ७० टक्के मतं घेऊन गेले. अख्ख्या केंटकीने डेमोक्रॅट अध्यक्षाला शेवटचं निवडलं ते १९९६ मध्ये, बिल क्लिंटन यांना. तरीही नोंदणीत तिथे रिपब्लिकन पुढे गेले ते थेट जुलै २०२२ मध्ये. मधली पंचवीस-एक वर्षं ही माणसं काय करत होती? आजोबांच्या काळची युनियन आणि रूझवेल्ट यांच्याबद्दलचा जिव्हाळा हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. केंटकीत प्रायमरी बंद असते, म्हणजे ज्या पक्षात नोंद त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. शेरीफ, काउंटी क्लार्क, इतकंच काय तुरुंगाचा जेलरसुद्धा तिथे निवडून येतो, आणि अशा भागांत ही पदं वर्षानुवर्षं डेमोक्रॅटिक प्रायमरीतच ठरत आली. अध्यक्ष म्हणून रिपब्लिकन हवा, पण शेरीफ कोण हे ठरवायचं असेल तर नोंद डेमोक्रॅट ठेवण्यात शहाणपण होतं. ही मंडळी गोंधळलेली आहेत असं बाहेरच्यांना वाटायचं. मला तरी त्यांचा हिशोब चोख वाटतो.

पेनसिल्व्हेनियात हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. २००८ च्या सुमारास नोंदणीत डेमोक्रॅटांची आघाडी बारा लाखांच्या घरात होती. २०२४ च्या निवडणुकीपर्यंत ती तीन लाखांच्या आसपास उरली. पिट्सबर्गच्या आजूबाजूच्या पोलाद आणि कोळशाच्या पट्ट्यातल्या अनेकांनी मत कधीच बदललं होतं, कागद नंतर बदलला.

उलटा प्रवासही तितकाच खरा आहे. कॅलिफोर्नियाची ऑरेंज काउंटी रिपब्लिकनांचा बालेकिल्ला समजली जायची; १९३६ नंतर पहिल्यांदा २०१६ मध्ये तिने डेमोक्रॅट उमेदवाराला आघाडी दिली. अटलांटाजवळच्या कॉब आणि ग्विनेट काउंट्या त्याच वर्षी उलटल्या. टेक्सासच्या सीमेवरची स्टार काउंटी, जिथे जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या पाठीशी सुमारे ६० टक्क्यांच्या फरकाने होती. २०२४ मध्ये ती ट्रम्प यांच्याकडे गेली, १८९२ नंतर पहिल्यांदा एका रिपब्लिकनकडे. शिकलेली उपनगरं एका बाजूला, पदवी नसलेला कामगारवर्ग दुसऱ्या बाजूला, अशी ही अदलाबदल आहे.

आणि आपण भारतीय? कार्नेगी संस्थेच्या पाहणीत २०२० मध्ये ५६ टक्के भारतीय अमेरिकनांनी स्वतःला डेमोक्रॅट म्हटलं होतं. २०२४ मध्ये ते ४७ टक्क्यांवर आले. कमला हॅरिस यांना मत देणार म्हणणारे ६१ टक्के आणि ट्रम्प यांना ३२ टक्के होते. वयस्कर मंडळी उजवीकडे आणि पोरं डावीकडे, हा ठोकताळाही मोडला: चाळिशीच्या आतल्या पुरुषांतच ट्रम्प यांच्याकडचा ओढा जास्त दिसला.

आता घरात ज्या विषयांवरून जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात ते बघा. एच-वन-बी व्हिसा घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये यावरून इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी एका बाजूला, स्टीव्ह बॅनन दुसऱ्या बाजूला अशी जाहीर जुंपली, आणि तिघेही ट्रम्प यांचेच समर्थक. शाळांचे प्रवेश घ्या. व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन हायस्कूलने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा काढून टाकली तेव्हा आशियाई पालकांनी कोर्ट गाठलं, आणि एरवी डेमोक्रॅटांना मत देणारी कुटुंबंही त्यावरून नाराज झाली. म्हणजे आपल्या कळीच्या मुद्द्यांवर भांडण दोन पक्षांत जितकं आहे तितकंच एकेका पक्षाच्या आतही आहे. आतलं भांडण प्रायमरीत सुटतं. तिथे मत नसेल तर आपल्या हातात फक्त ग्रुपवर फॉरवर्ड करणं उरतं.

तेव्हा पत्ता.

न्यूयॉर्क शहरात राहत असाल तर रकाना कोरा ठेवणं मला सरळसरळ तोट्याचं वाटतं. प्रायमरी बंद. जून २०२५ मध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी यांनी अँड्र्यू क्युओमो यांना हरवलं. ममदानी आवडोत की न आवडोत, कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्या शहरातल्या दहा लाखांहून जास्त मतदारांना त्यात मत नव्हतं. रिपब्लिकन विचारांच्या माणसानेही तिथे डेमोक्रॅट नोंद ठेवावी का? ठेवणारे आहेत, आणि त्यात बेकायदा काही नाही. फक्त पक्ष बदलायची मुदत कडक असते, सध्या १४ फेब्रुवारी. २०१६ मध्ये ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपली होती, आणि इव्हांका व एरिक ट्रम्प यांना वडिलांना प्रायमरीत मत देता आलं नव्हतं.

पेनसिल्व्हेनियातही प्रायमरी बंद, पण मुदत सोपी, १५ दिवस आधीची. तिथे राज्य अटीतटीचं असल्यामुळे कुठला पक्ष हे गावावर ठरतं: फिलाडेल्फियात डेमोक्रॅट, पश्चिमेकडच्या बहुतेक काउंट्यांत रिपब्लिकन. मुलं शाळेत असतील तर आणखी एक गोष्ट. स्कूल बोर्डाचे उमेदवार तिथे दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत एकदम उभे राहू शकतात. एखाद्याने दोन्हीकडे बाजी मारली तर निकाल मे महिन्यातच लागल्यासारखा असतो, नोव्हेंबर नुसती औपचारिकता. कोरा रकानावाले पालक तोवर बघत बसतात.

न्यू जर्सीत गणित वेगळं. पक्ष न लावलेला मतदार जूनच्या प्रायमरीला जाऊन तिथल्या तिथे कुठलीही एक मतपत्रिका मागू शकतो. मात्र मागितली की त्या पक्षात नोंद होते, आणि हे अनेकांना पुढच्या वेळी मतदान केंद्रावर कळतं. मग पक्ष बदलायचा किंवा पुन्हा कोरं व्हायचं तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. २०२० मध्ये बायडन इथे सुमारे १६ टक्क्यांनी पुढे होते, २०२४ मध्ये हॅरिस जेमतेम सहाने, आणि २०२५ मध्ये गव्हर्नरपदाला डेमोक्रॅट मिकी शेरिल पुन्हा दोन अंकी आघाडीने आल्या. असं हेलकावे खाणारं राज्य असताना एडिसन किंवा साउथ ब्रन्सविकमधल्या नव्या मतदाराने सुरुवातीला कोरं राहावं, कुठली लढत चुरशीची आहे ते बघावं आणि मग मतपत्रिका मागावी, हे मला पटतं. पूर्वी इथे काउंटीच्या पक्षनेत्यांचे लाडके उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत छापले जायचे, त्यामुळे प्रायमरीला फारसा अर्थ नसे. २०२४ मध्ये सिनेटचे उमेदवार अँडी किम कोर्टात गेले आणि ती पद्धत मोडली. आता जूनच्या मताला किंमत आली आहे.

टेक्सासात हा रकानाच नाही. मार्चमध्ये ज्या पक्षाची मतपत्रिका घ्याल त्या वर्षापुरते त्या पक्षाचे. पुढची रनऑफ, म्हणजे कुणालाच बहुमत न मिळाल्यास होणारी दुसरी फेरीही, त्याच पक्षाची. राज्यपातळीवरच्या पदावर तिथे १९९४ नंतर डेमोक्रॅट निवडून आलेला नाही, त्यामुळे कुठली मतपत्रिका वजनदार हे सांगायला नको. मिशिगनमध्येही पक्षनोंद नाही. आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून ऑगस्टची डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले ती जेमतेम २८ टक्के मतांवर. नऊ उमेदवारांत मतं फुटली होती. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७० टक्क्यांच्या वर मिळाली. खरी निवडणूक कुठली होती ते या दोन आकड्यांतच आहे.

कॅलिफोर्नियात २०१२ पासून बहुतेक पदांसाठी सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे पुढे जातात, मग दोघे एकाच पक्षाचे का असेनात. तिथे कोरं राहिल्याने फारसं बिघडत नाही, अध्यक्षीय प्रायमरी सोडून. एक खड्डा मात्र आहे. 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' असा पर्याय फॉर्मवर दिसतो आणि लोक 'अपक्ष' समजून त्यावर खूण करतात. हा पक्ष मुळात १९६८ च्या निवडणुकीत वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेस यांच्यासाठी उभा राहिलेला. लॉस एंजेलिस टाइम्सने २०१६ मध्ये पाहणी केली तेव्हा त्यात नोंदलेल्या चारांतल्या जवळपास तिघांना आपण एका पक्षात आहोत हेच माहीत नव्हतं.

विरोधी पक्षात नोंद करून तिथला उमेदवार ठरवू, हा डाव ऐकायला छान वाटतो. २०२२ मध्ये वायोमिंगमध्ये पुष्कळ डेमोक्रॅटांनी ट्रम्प यांना विरोध करणाऱ्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांच्यासाठी रिपब्लिकन प्रायमरीत मत दिलं. चेनी तरीही ३७ टक्क्यांच्या फरकाने पडल्या, आणि पुढच्या वर्षी राज्याने ऐनवेळी पक्ष बदलायला बंदी घातली.

राहता राहिला घरचा प्रश्न: नवऱ्याची नोंद एकीकडे, बायकोची दुसरीकडे चालते का? खुशाल चालते, उलट बंद प्रायमरीच्या राज्यात एका घरात दोन्ही मतपत्रिका येतात. मुलांच्या लग्नाचं वेगळं. १९६० मध्ये मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षातलं स्थळ आणलं तर नाराज होऊ असं म्हणणारे अमेरिकन पाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांत ते निम्म्याच्या जवळ आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश झाले. पत्रिका न बघणाऱ्या देशात हेही आलंच.

नोंद आधीच झाली असेल आणि रकान्यात काय लिहिलं ते आठवत नसेल तर राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख वगैरे टाकून बहुतेक ठिकाणी ते दिसतं. आणि घर बदलून राज्य बदललं तर जुनी नोंद मागोमाग येत नाही. एडिसनमध्ये कोरं राहून निभावलेल्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला घर घेतलं तर नव्या फॉर्मवर पक्ष लिहायला विसरू नये. मेच्या प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंतच वेळ असतो.