बचत गटाचं कर्ज की फायनान्सवाल्यांचं? दोन्हीकडून घेतलेल्या बाईचा रिव्ह्यू

मोबाईल, मिक्सर घ्यायचा तर लोक आधी रिव्ह्यू बघतात, पण गावातली बाई 40 हजाराचं कर्ज घेते तेव्हा तिला विचारायला कुणी नसतं, शेजारणीनं घेतलं म्हणून हिनं घेतलं असं चालतं. मी बीड जिल्ह्यातली, उमेदच्या (राज्य सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) एका बचत गटाची सचिव आहे, वह्या मीच लिहिते. आमच्या घरात फायनान्स कंपनीचं ग्रुप लोनही चालू होतं, सासूबाईंच्या ऑपरेशनला घेतलेलं. त्यामुळं दोन्हीकडचा हप्ता भरायचा अनुभव आहे. कंपनीचं आणि बँकेचं नाव टाकत नाही, कारण सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच चालतं.

आधी फायनान्सवाल्यांचं सांगते, आणि खरं ते सांगते. त्यांची सर्व्हिस फास्ट आहे. कंपनीचे सर गावात येतात, पाच-पाच बायांचा गट करतात (ही पद्धत बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेची, तिला आणि मोहम्मद युनूस यांना 2006 ला नोबेल मिळालं), आधार, मतदान कार्ड, नवऱ्याचा फोटो, घर बघून जातात आणि आठ-दहा दिवसांत पैसे खात्यात. बँकेत जावं लागत नाही, मॅनेजरच्या केबिनबाहेर बसावं लागत नाही, रोजगार बुडत नाही. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तिला दारात येऊन कुणी 40 हजार देतंय ही लहान गोष्ट नाही, आणि आमच्याकडं त्याच्या आधी कोण देत होतं तर सावकार, महिन्याला 5 टक्के, कधी 10, आणि वर डाग (दागिना) ठेवून घ्यायचा. कर्जाला विमाही असतो, बाई किंवा नवरा गेला तर बाकी माफ होते, हे चांगलंच आहे.

आता हिशोब बघा, कारण हप्ता सोडून बाकी आकडा कुणी नीट बघतच नाही. 40 हजार, 24 महिने, वर्षाला 24 टक्के घटत्या बाकीवर धरलं तर हप्ता येतो साधारण 2,115 रुपये आणि दोन वर्षांत व्याज जातं 10,750 च्या आसपास. शिवाय प्रोसेसिंग आणि विमा आधीच कापून घेतात म्हणजे हातात पूर्ण 40 येतच नाहीत पण व्याज 40 वर. कंपनीनं एक फॅक्टशीट द्यायची असते, साध्या भाषेत, वर्षाचा एकूण दर किती पडतो ते लिहिलेलं. आमच्या सरांनी दिली होती पण सही झाल्यावर. तुम्ही सहीच्या आधी मागा आणि घरात शिकलेलं पोर असेल तर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.

वसुलीचं तर लिहायलाच पाहिजे. मीटिंगमध्ये एका बाईचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांना उठू देत नाहीत, सगळ्या जणी मिळून भरा म्हणतात. आमच्या वस्तीवर एका बाईच्या घरी पोरगं तापानं फणफणलेलं, आणि तिच्या दारात बाकीच्या चौघी उभ्या, कारण सर हलायला तयार नव्हते आणि ह्यांनाही कामावर जायचं होतं. कंपनीचा माणूस काहीच बोलत नाही, बोलतात त्या शेजारणी, आणि ज्या शेजारणीकडून उद्या पीठ मागायचं तिच्याशीच वैर होतं. मला ह्या सगळ्या व्यवस्थेतलं हेच सगळ्यात वाईट वाटतं, व्याजापेक्षाही.

आंध्रात 2010 ला ह्याच वसुलीवरून केवढं झालं होतं, बायांच्या आत्महत्या झाल्या, सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर हळूहळू नियम आले आणि 2022 पासून रिझर्व्ह बँकेचे नवीन नियम लागू आहेत, ते प्रत्येक बाईला तोंडपाठ पाहिजेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीला यायचं नाही. शिवीगाळ, धमकी, पाहुण्यांना-शेजाऱ्यांना त्रास देणं चालत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नाही पाहिजेत. कर्ज मुदतीच्या आधी फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. मी हे एका कागदावर लिहून समाजमंदिरात चिकटवलं तेव्हापासून आमच्याकडं मीटिंग वेळेत सुटते. कंपनीनं ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा 14448 हा नंबर आहे.

आता बचत गट. नाबार्डनं (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) 1992 ला गट आणि बँक जोडायचं काम सुरू केलं, आपल्या राज्यात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) तर 1975 पासून बायांसाठी आहे आणि उमेद 2011 पासून. आमच्या गटात 12 जणी, महिन्याला 200 रुपये बचत. दोघी विधवा आहेत, एकीच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला. तिघी तांड्यावरच्या. शेती तिघींचीच, तीही कोरडवाहू.

पहिले काही महिने बँकेचं कर्ज नसतंच, आपलीच बचत आपल्यातच फिरवायची. आमचा अंतर्गत दर दोन रुपये शेकडा आहे. शिकलेली लोकं म्हणतात महिन्याला 2 म्हणजे वर्षाला 24 टक्केच झाले की, मग फायनान्सवाल्यात आणि तुमच्यात काय फरक? फरक हा की 10 हजार घेतले आणि दहा महिन्यांत फेडले तर व्याज होतं 1,100 रुपये, आणि ते 1,100 आमच्याच पेटीत पडतात, त्यात जिनं कर्ज घेतलं तिचाही वाटा असतो. कंपनीचं व्याज गावातून जातं ते परत येत नाही. सुरुवातीला मलाही हा दर जास्त वाटायचा, पण गटाची गंगाजळी त्यातनंच तयार झाली.

मग बँकेचं आलं, पहिल्यांदा दीड लाख, 7 टक्क्यांनी. ते आम्ही बायांना महिना 1 टक्क्यानं वाटलं, असा ठराव करून. परत तेच 40 हजार आणि 24 महिने धरा, हप्ता होतो साधारण 1,883, दोन वर्षांचं व्याज 5,190 च्या आसपास, म्हणजे फायनान्सच्या निम्म्याहूनही कमी. त्यातले जवळपास 2,980 बँकेला जातात आणि 2,200 गटाकडं राहतात. हा हिशोब मी पहिल्यांदा फळ्यावर मांडला तेव्हा बाया गप्प झाल्या आणि मग एकीनं विचारलं, म्हणजे इतकी वर्षं आपण कुणाचं घर भरलं?

पण बँकेची सर्व्हिस? तिथं मी पाचपैकी दोनच देईन. फाईल दिली की मॅनेजर बदलून जातो, नवीन मॅनेजर म्हणतो गट थकतात, आधी एफडी करा मग बघू. आम्हाला तर बचत खात्यातले पैसेच काढू दिले नाहीत काही दिवस, कर्ज आहे ना म्हणून होल्ड. आमच्या बँक सखीनं (बँकेत गटांची कामं बघणारी बाई) परिपत्रक छापून आणलं तेव्हा सुटलं. म्हणून हे लक्षात ठेवा: गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, मार्जिन नाही, बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही आणि डिपॉझिटचा आग्रह धरायचा नाही. खातं उघडताना सगळ्या बायांची केवायसी लागत नाही, अध्यक्ष-सचिव-कोषाध्यक्षांची चालते, सगळ्यांची कर्जाच्या वेळी बघतात. आणि गट सहा महिने चालू पाहिजे हे वह्यांवरून धरायचं असतं, बँकेत खातं कधी उघडलं त्यावरून नाही. ह्या एका गोष्टीपायी कितीतरी गटांचे महिने वाया जातात.

म्हणूनच वह्या. हजेरी-ठराव, रोकड वही, बचत-कर्जाची खातेवही, प्रत्येकीचं पासबुक. ज्या गटात सचिवाच्या नवऱ्यानं घरी बसून वही लिहायची आणि बायांनी फक्त अंगठा द्यायचा त्या गटाचं कर्ज नावालाच बायांचं असतं. हे आमच्याकडं पण होतं, कर्ज बाईच्या नावावर आणि पैसे लागले मोटरसायकलच्या डाऊन पेमेंटला. आता आम्ही पुढच्या मीटिंगला विचारतोच, शेळ्या आणल्या म्हणतेस तर दाखव. दोघी जणी जाऊन बघून येतात. एकीनं दोन उस्मानाबादी शेळ्यांवर सुरुवात केली होती, आता बोकड विकून पोरीच्या कॉलेजची फी भरते, नवऱ्याला विचारत बसत नाही. ती बँकेत काऊंटरवर उभी राहून स्लिप स्वतः भरते. दहावी नापास म्हणून सासरी आयुष्यभर ऐकून घेतलेली बाई आहे ती.

विम्याचं गटात आपोआप होत नाही हे फायनान्सच्या तुलनेत कमी पडतं. त्यावर आम्ही उपाय केला, सगळ्यांना वर्षाच्या 436 रुपयांचा जीवन ज्योती आणि 20 रुपयांचा सुरक्षा विमा काढायला लावला. दोन्हींत 2-2 लाखांचं कव्हर आहे, सुरक्षा विमा अपघातासाठी.

धंद्याचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. ट्रेनिंग देतात ते पापड, लोणचं, मसाला ह्याचंच. एका तालुक्यातले सगळे गट पापड करायला लागले तर खाणार कोण. प्रदर्शनात विक्री होते, लोक नंबर घेऊन जातात, नंतर ऑर्डर येत नाही. शहरातल्यांनी एकदा घेतलेलं आवडलं तर परत फोन करावा, बस.

आता जे मनात खूप दिवस सलतंय ते. आमच्या भागातल्या निम्म्या बाया दसऱ्यानंतर ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून (मजूर नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, कोयत्याचे, म्हणजे नवराबायकोचे मिळून. कारखाने सुटेपर्यंत फडातच, उसाच्या रानात. गटाचा नियम काय, नियमित मीटिंग, नियमित बचत, नियमित परतफेड. मग ह्या बाया आपोआपच बाहेर पडतात, किंवा कुणी घेतच नाही त्यांना, हप्ता थकेल आणि गटाची ग्रेड (कर्ज देताना बघतात ती) पडेल म्हणून. ज्या बाईला स्वस्त पैशाची सगळ्यात जास्त गरज आहे, जी दवाखान्यासाठी उचल वाढवून घेते आणि पुढचा सीझनही बांधून घेते, ती आमच्या यादीत नाही. 2019 ला बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं देशभर गाजलं, सरकारी समितीच्या पाहणीत तसा आकडा 13 हजारांच्या वर निघाला. त्या ऑपरेशनांचे पैसे बऱ्याच जणींनी मुकादमाकडूनच उचलले होते आणि तोडणी करून फेडले. गावागावात गट असताना ही वेळ का येते, ह्याचं उत्तर उमेदच्या ऑफिसनं द्यायला पाहिजे आणि आमच्यासारख्या सचिवांनीही. फायनान्सवाला ह्या बायांपर्यंत पोचतो. फडात फोन करून हप्ता मागतो, पण पोचतो. आपण पोचत नाही.

तर माझे मार्क: फायनान्स कंपनी, पैसे लवकर मिळण्याला चार, दराला दोन, वसुलीला शून्य. गटाचं अंतर्गत कर्ज पाच. बँकेचं गट कर्ज, दराला पाच, वागणुकीला दोन. ज्यांच्या डोक्यावर आधीच दोन-तीन कंपन्यांचे हप्ते आहेत त्यांनी एकाचे फेडायला दुसऱ्याचं घेऊ नका, गटात बोला, आम्ही एकीचं सगळ्यात महागडं कर्ज गटाच्या पैशातून एकरकमी फेडून टाकलं आणि आता ती गटाला 1 टक्क्यानं देते. मुदतीआधी फेडायला दंड नाही हे तिला माहीतच नव्हतं.

उसाला जाणाऱ्या बायांसाठी आम्ही दसऱ्याच्या आधी वेगळा ठराव करतोय: उचल हातात आली की सहा महिन्यांची बचत एकदम जमा, बाहेर असताना मीटिंगची सक्ती नाही, फोनवरून हजेरी, आणि कर्जाचा हप्ता कारखाने सुटल्यावर सुरू. ग्रामसंघात (गावातल्या सगळ्या गटांचा संघ) अजून दोन-तीन सचिवांचा विरोध आहे, त्यांचं म्हणणं ग्रेडिंगला अडचण येईल. कुणाच्या गावात ऊसतोड बायांचा गट असा चालत असेल तर त्या महिन्यांच्या नोंदी वहीत कशा घालता आणि बँकेनं त्या मान्य केल्या का, तेवढं कळवा. ठरावाचा नमुना असेल तर अजून चांगलं.