मेटल डिटेक्टरचे फिल्टर आणि हाताचा वेग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी एकच मेटल डिटेक्टर नियमितपणे वापरत आहे. तो १४ किलोहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याला २८ सेंटिमीटरची डबल-डी कॉइल (जमिनीवरून फिरवायची, D आकाराच्या दोन वेटोळ्यांची चकती) आहे आणि ग्राउंड फिल्टरसाठी, म्हणजे मातीचा संकेत गाळणाऱ्या सेटिंगसाठी, ५ ते १२.५ हर्ट्झपर्यंतचे चार पर्याय आहेत. यंत्राची बांधणी, वजन आणि बॅटरी यांबाबत माझी तक्रार नाही. मात्र वस्तू ओळखण्याची खोली अपेक्षेपेक्षा कमी मिळते आणि खरखर फार होते, या दोन अडचणींनी मला पहिले तीन-चार महिने हैराण केले. दोन्हींचे मूळ यंत्रात नव्हते. फिल्टर आणि कॉइल फिरवण्याचा वेग या वेगवेगळ्या बाबी आहेत, असे मी धरून चाललो होतो आणि तिथेच चूक होती.

मातीतील लोहयुक्त खनिजांचा संकेत कॉइल सरकताना सावकाश बदलतो, तर नाण्याएवढ्या वस्तूचा संकेत झटकन चढतो आणि उतरतो. फिल्टर हा सावकाश बदलणारा भाग कापून टाकतो. कॉइल सेकंदाला एक मीटर वेगाने फिरवली, तर लहान वस्तूचा संकेत ढोबळमानाने पाव सेकंद टिकतो. वेग निम्मा केला की तोच संकेत अर्ध्या सेकंदापर्यंत पसरतो, म्हणजे मातीच्या संकेतासारखा सावकाश होतो. ‘हळू फिरवले की खोल लागते’ हा सल्ला मनाशी घट्ट धरून मी १२.५ हर्ट्झच्या फिल्टरवर अतिशय संथ गतीने चालत असे आणि त्यामुळे ज्या खोल वस्तू मला हव्या होत्या, त्यांचाच संकेत फिल्टर मातीबरोबर कापून टाकत होता. खात्री करून घेण्यासाठी मी तांब्याची एक चकती २० सेंटिमीटर खोल पुरली. १२.५ वर संथ हाताने तिचा आवाज जेमतेम येत होता. हात चपळ केल्यावर तो स्पष्ट झाला आणि ५ वर संथ हातानेही तेवढाच स्पष्ट मिळाला.

त्यामुळे सौम्य, वाळूसारख्या जमिनीत मी ५ हर्ट्झ आणि संथ हात ही जोडी वापरतो. खनिजयुक्त लाल किंवा काळ्या जमिनीत १० अथवा १२.५ आणि चपळ हात. अशा जमिनीत कमी फिल्टर ठेवल्यास कॉइलच्या प्रत्येक फेरीबरोबर यंत्र गुरगुरते आणि त्या गुरगुरण्यात खोल वस्तू बुडून जाते. मात्र त्याआधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राची त्या मातीशी जुळवणी, नीट झालेला असावा, कारण चुकलेला बॅलन्स कोणताही फिल्टर पूर्णपणे झाकू शकत नाही.

विजेच्या व्यत्ययाचे प्रकरण निराळे आहे. कॉइल स्थिर धरूनही यंत्र बडबडत असेल, तर दोष मातीचा नाही. तो बाहेरून येणाऱ्या विद्युतलहरींचा आहे. ५० हर्ट्झच्या वीजवाहिनीतून तिच्या पटीतील लहरीही बाहेर पडतात आणि १४,००० हर्ट्झ ही तिची नेमकी २८०वी पट आहे. यंत्र आलेल्या लहरीतून आपली फ्रिक्वेन्सी वजा करून उरलेला फरक फिल्टरकडे पाठवते. हा फरक ६ हर्ट्झ भरला, तर फिल्टर त्याला वस्तूचाच संकेत समजून आत सोडतो. म्हणून इथे फिल्टर बदलून फारसे साधत नाही. नॉइज कॅन्सल ही यंत्रातील सोय वापरून फ्रिक्वेन्सी थोडी सरकवावी लागते, म्हणजेच शांत चॅनल निवडावा लागतो. सकाळी शांत असलेला चॅनल दुपारी का खवळतो, हे मला बरेच दिवस उमगत नव्हते. वीजपुरवठ्याची फ्रिक्वेन्सी अवघ्या ०.०२ हर्ट्झने हलली, तरी २८०वी पट ५.६ हर्ट्झने सरकते. हा हिशेब केल्यापासून मी दर तासाभराने नॉइज कॅन्सल नव्याने करतो आणि तेही कॉइल जमिनीपासून उचलून, स्थिर धरून.

सेन्सिटिव्हिटी (यंत्राची ग्रहणक्षमता) कमी करायला मी सुरुवातीला फार घाबरत असे. वास्तविक लहान वस्तूचा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत ६४ पटींनी क्षीण होतो. याचीच दुसरी बाजू अशी की, यंत्राची ग्रहणक्षमता निम्मी केली तरी खोली केवळ ११ टक्क्यांच्या आसपास कमी होते. २५ सेंटिमीटरचे सुमारे २२ होतात. वीजवाहिन्यांजवळ ती तीन सेंटिमीटरची खोली मी आनंदाने सोडून देतो, कारण कमाल सेन्सिटिव्हिटीवरच्या खरखरीत १५ सेंटिमीटरवरची वस्तूही माझ्या हातून निसटलेली आहे. लहान कॉइल लावल्यास व्यत्यय आणखी कमी होतो, कारण ती बाहेरच्या लहरी कमी पकडते.

उत्पादकाविषयी दोन गोष्टी मला खटकल्या. फिल्टरचा पर्याय मेनूच्या तिसऱ्या थरात दडलेला आहे, त्यामुळे जमीन बदलली की दर वेळी थांबून शोधावे लागते. आणि पुस्तिकेत त्याविषयी एकच ओळ आहे, तिच्यात हाताच्या वेगाचा उल्लेखही नाही. लोखंडाचे तुकडे दाट पसरलेल्या जागी मात्र मला अजून समाधानकारक जोडी सापडलेली नाही. ५ वर शेजारशेजारचे संकेत एकमेकांत मिसळतात, १२.५ वर ते सुटे होतात. पण तिथे हात चपळ ठेवायला मोकळी जागाच नसते.