आडमुठ्या सदस्याला आवरताना: कोणता उपाय कधी?

एखाद्या सामूहिक ऑनलाइन प्रकल्पाचं प्रचालकपद, म्हणजे सदस्यांना रोखण्याचे आणि पानांना कुलूप लावण्याचे अधिकार, नुकतंच हाती आलं असेल, तर हा पेच लवकरच पुढ्यात येतो. एक सदस्य सगळ्यांच्या कामाचा विचका करतोय आणि आपल्याकडे चार-पाच उपाय आहेत. कोणता वापरायचा? विकिपीडिया असो, लोकांनी मिळून बनवलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा असो की मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा प्रकल्प, उपाय थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची झळ कुणाला बसते, हे मात्र दर वेळी वेगळं असतं.

शिव्या लिहिणारा, मजकूर पुसणारा उत्पाती त्यातल्या त्यात सोपा. बदल उलटवायचा, एक सूचना द्यायची, पुन्हा केलं तर रोखायचं. इंग्रजी विकिपीडियावर असं बरंच काम क्लूबॉट एनजी हा सांगकाम्या (आपोआप चालणारा प्रोग्राम) २०१० पासून करतोय. अशा माणसाशी वाद घालत बसू नका, त्याला तेच हवं असतं. कस लागतो तो कामसू पण हेकेखोर सदस्यापाशी. त्याची बरीचशी संपादनं उत्तम असतात आणि उरलेल्यांपायी चार जण हैराण होतात.

उलटवणं की बोलणं?

उलटवायला क्षणभर पुरतो, नीट समजावून लिहायला अर्धा तास जातो. म्हणून आपण उलटवतो, तोही उलटवतो आणि संपादनयुद्ध पेटतं. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं, तर रोखलं जाण्याची वेळ येते. ‘पण माझंच बरोबर होतं’ ही सबब तिथे चालत नाही.

बोलण्यातही एक अडचण आहे, निरोप पोचतो का? नवखा माणूस चर्चापान, म्हणजे त्याच्यासाठी निरोप ठेवायचं पान, उघडतच नाही. ओपनस्ट्रीटमॅपने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. तिथे शून्य तासांचा प्रतिबंध घालता येतो. सदस्याने संकेतस्थळावर येऊन निरोप वाचला की तो उठतो. शिक्षा काहीच नाही, फक्त वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्याकडे अशी सोय असेल तर आधी ती वापरा.

पानाला कुलूप की माणसाला बंदी?

एका पानावर बरेच जण भांडत असतील तर पान, एकच जण अनेक पानांवर धुडगूस घालत असेल तर माणूस. मात्र कुलपाची झळ निरपराध नवख्यांना बसते. इंग्रजी विकिपीडियावर अर्धसुरक्षित पान संपादायला साधारणपणे खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेली लागतात. आयपी पत्त्यांचा (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांचा) पट्टाच रोखायचा असेल तर हात आणखी आखडता घ्या. १६ बिटांचा एक पट्टा म्हणजे ६५,५३६ पत्ते. मोबाइलचे पत्ते असंख्य लोकांत आळीपाळीने फिरतात, तिथे सुक्याबरोबर ओलंही जळतं.

विषयापुरती बंदी की पूर्ण?

इथे मी स्वतः चुकलो आहे. एक सदस्य वनस्पतींवर अप्रतिम लिहायचा, पण एका ऐतिहासिक घराण्याच्या पानांवर आला की कुणाचंच ऐकायचा नाही. तिसऱ्या भांडणानंतर मी त्याला आठवडाभर सरसकट रोखलं. आठवडा संपला, तो परतला नाही. एका वेलीच्या लेखात फळांचा विभाग त्याने नुसतं शीर्षक देऊन ठेवला होता. तो अजून तसाच रिकामा आहे. भांडण पाच-सहा पानांपुरतं होतं, बंदीही तेवढीच हवी होती. आता ठरावीक पानांपुरता अंशतः प्रतिबंध घालता येतो (इंग्रजी विकिपीडियावर ही सोय २०२० पासून आहे), त्यामुळे माझ्यासारखी चूक करायचं कारण उरलेलं नाही.

पण जो जाईल त्या पानावर लोकांचा अपमान करतो, त्याला विषयबंदी देऊन काही साधत नाही. तिथे पूर्ण बंदीच. ती बेमुदत असली तरी कायमची नसते, वागणं बदलेन याची खात्री पटवली की दार उघडता येतं. छुप्या बंदीच्या, म्हणजे त्याचं लिखाण त्याला दिसावं पण इतरांना दिसू नये, या वाटेला मात्र जाऊ नका. जिथे प्रत्येक बदलाचा इतिहास खुला असतो, तिथे ही फसवणूक आहे आणि ती उघडकीला येतेच.

निर्णय कुणाचा?

रोजच्या उत्पातासाठी एक प्रचालक पुरे. जुन्या, मानाच्या सदस्याचा प्रश्न असेल तर एकट्याने ठरवू नका. २०१९ साली विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर थेट वर्षाची बंदी घातली आणि कारणांचा तपशील समाजापुढे ठेवला नाही. अनेक प्रचालकांनी पदं सोडली, शेवटी समाजाच्याच लवाद समितीने फेरविचार करून बंदी उठवली. तरीही सगळं चावडीवर मांडा असं मी म्हणणार नाही. छळाची तक्रार करणाऱ्या व्यक्तीला चारचौघांत उभं केलं तर पुढची व्यक्ती तक्रारच करणार नाही. अशा वेळी छोटी, निवडून दिलेली समिती बरी.

अजूनही ठरत नसेल तर मी एक करतो. वादाच्या पानाचा इतिहास उघडतो आणि त्या सदस्याशी खटका उडाल्यावर कोण कोण पुन्हा दिसलंच नाही, ती नावं कागदावर लिहितो. एकही नाव नसेल तर बोलत राहतो. दोन-तीन निघाली तर त्याच दिवशी त्याला त्या पानांवरून दूर करतो आणि त्या दोघा-तिघांच्या चर्चापानावर ‘परत याल का?’ असं विचारून येतो.